टिकावं ते काय?

पाणी झटकून टाकणाऱ्या प्लास्टिकची बातमी दर काही महिन्यांनी येते. सोबत चित्रफीत असते. थेंब पट्टीवर आदळून उसळतो, मध ओघळून जातो, ओतलेला चिखल मागे डाग ठेवत नाही. खाली कमळाच्या पानाचं छायाचित्र असतं आणि निसर्गापासून प्रेरणा घेतल्याचा उल्लेख. त्या पट्टीवर अजून कोणी हात फिरवलेला नसतो, ती उन्हात पडलेली नसते, पिशवीत कोंबलेली नसते.

पाणी झटकायचं कसं, हा प्रश्न विज्ञानाने बऱ्याच अंशी सोडवला आहे. अडलं आहे ते टिकाऊपणाशी. आणि टिकाऊ म्हणताना नेमकं काय टिकवायचं आहे, हे आपण स्वतःला नीट विचारलेलं नाही. वस्तूचा गुण टिकावा आणि त्यासाठी वापरलेलं रसायन वस्तूबरोबर संपावं, ही साधी अपेक्षा आहे. गेली सत्तर वर्षं आपण याच्या उलट करत आलो. गुण दोन पावसाळ्यांत जातो आणि रसायन पिढ्यानपिढ्या उरतं.

आधी पानाकडे जाऊ. १९७० च्या दशकात विल्हेल्म बार्थलॉट हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पानं तपासत होते. तपासण्याआधी पानं धुवून घ्यावी लागत. त्यात त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. गुळगुळीत पानांवर धूळ असायची आणि खडबडीत पानं न धुताच स्वच्छ असायची. फरशी, काच, स्टीलची ताटली या सगळ्यांनी आपल्याला उलटं शिकवलेलं असतं, की गुळगुळीत ते स्वच्छ. पुढे १९९७ मध्ये बार्थलॉट आणि क्रिस्टोफ नाइनहुइस यांनी 'प्लांटा' या नियतकालिकात याचा सविस्तर उलगडा केला. कमळाच्या पानावर काही मायक्रॉन उंचीचे दाट उंचवटे असतात आणि त्या उंचवट्यांवर मेणाच्या अतिसूक्ष्म नळ्यांची लव असते. थेंब फक्त टोकांवर टेकतो आणि त्याच्या खाली हवा राहते. धुळीचा कणही टोकांवरच टेकलेला असतो, त्याला पानापेक्षा पाण्याशी चिकटणं सोपं जातं. थेंब गडगडत जाताना धूळ घेऊन जातो.

इथे थोडं गणित पाहायला हवं, कारण पुढचा सगळा वाद त्यावर उभा आहे. थेंबाची कड पृष्ठभागाशी जो कोन करते त्यावरून तो पृष्ठभाग पाण्याला किती दूर ठेवतो हे कळतं. नव्वद अंशांच्या खाली पाणी पसरतं, वर गेलं की गोळा होतं. दीडशेच्या पुढे कोन असेल आणि पट्टी किंचित कलती करताच थेंब गडगडत असेल, तर त्याला अतिजलरोधक म्हणतात. सपाट टेफ्लॉनवर हा कोन ११० च्या आसपास असतो. जगातलं कोणतंही रसायन सपाट पृष्ठभागावर लावा, १२० च्या फार पुढे जाता येत नाही. कमळाच्या पानावर मात्र तो १६० च्या घरात असतो, आणि त्या पानाचं मेण काही जादूचं नाही. सपाट थर दिला तर तेही शंभरच्या थोडंच पुढे जातं. म्हणजे उरलेले पन्नासेक अंश आकाराची कमाई आहे.

ते मेण म्हणजे कार्बन-हायड्रोजनच्या लांब साखळ्या. आणि पॉलिप्रॉपिलीन, ज्याला मोल्डिंगवाले नुसतं पीपी म्हणतात, तेही कार्बन-हायड्रोजनच्याच साखळ्यांचं. सपाट पीपीवर थेंबाचा कोन शंभराच्या आसपास येतो. झाडाला जेवढं रसायनशास्त्र लागलं, तेवढं आपल्या मोरीतल्या बादलीत आधीच आहे. कमी आहे ती घडण. 

हे ज्ञान बार्थलॉट यांच्याही आधीचं आहे. इंग्लंडमधल्या लोकर उद्योगाच्या संशोधन संस्थेत काम करणाऱ्या कॅसी आणि बॅक्स्टर यांनी १९४४ मध्ये सच्छिद्र पृष्ठभागावर पाणी कसं वागतं याचं समीकरण मांडलं. बदकाच्या अंगावरून पाणी ओघळतं त्याचं श्रेय त्यांनी पिसांच्या तेलापेक्षा पिसांच्या रचनेला दिलं. म्हणजे आकाराचं महत्त्व ऐंशी वर्षांपूर्वी कापडाच्या धंद्यातच सिद्ध झालं होतं. तरीही कापडाचा धंदा दुसऱ्या वाटेने गेला, आणि ती वाट कुठे पोचली हे पाहण्यासारखं आहे.

ती वाट फ्लोरीनची. १९३८ मध्ये ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट यांना टेफ्लॉन अपघाताने सापडलं. १९५० च्या दशकात थ्री-एम या कंपनीने कापडावर बसणारी फ्लोरीनयुक्त रसायनं बाजारात आणली. उद्योगाला ती आवडली याची कारणं समजण्यासारखी आहेत. कापड द्रावणातून काढा, तापवा, झालं. यंत्रं तीच, कामगार तेच. शिवाय ही रसायनं पाण्याबरोबर तेलही दूर ठेवतात, जे मेणाला जमत नाही. कार्बन आणि फ्लोरीन यांचा बंध सेंद्रिय रसायनशास्त्रातल्या सर्वांत बळकट बंधांपैकी एक आहे. ऊन, पाणी, जिवाणू कशालाही तो सहजी दाद देत नाही. जाहिरातीत याला 'ड्युरेबल वॉटर रिपेलंट' असं नाव मिळालं.

आता असा एखादा रेनकोट दोन पावसाळ्यांनंतर पाहा. जिथे पाठपिशवीचा पट्टा घासतो, त्या खांद्यावर कापड गडद झालेलं दिसेल. तिथे थेंब गोळा होत नाहीत, पाणी मुरतं. बाह्यांच्या टोकांचंही तेच. लेप गेला. पण त्यातला रेणू मोडला नाही. तो धुण्याच्या पाण्यातून गटारात, गटारातून नदीत, नदीतून माशात आणि माणसाच्या रक्तात गेला. या कुळातलं पीएफओए हे रसायन २०१९ मध्ये, न मोडता साचत जाणाऱ्या घातक रसायनांना आवर घालणाऱ्या स्टॉकहोम कराराच्या यादीत टाकावं लागलं. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते माणसात कर्करोग घडवणाऱ्यांच्या पहिल्या गटात नेलं. अमेरिकेने २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे ४ नॅनोग्रॅम ठरवली. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. इतक्या थोड्याचीही जिथे भीती बाळगावी लागते, ते आपण पिकनिकच्या जाकिटांवर शिंपडत होतो.

इटलीतल्या विचेंझाची गोष्ट या संदर्भात महाराष्ट्राने ऐकायला हवी. तिथल्या मार्झोत्तो या कापड घराण्याने १९६० च्या दशकात संशोधनासाठी म्हणून एक कारखाना काढला, त्यात फ्लोरीनयुक्त रसायनं बनू लागली. पुढे त्याचं नाव मिटेनी झालं. कारखान्याखालच्या भूजलात ही रसायनं उतरली आणि काही लाख लोकांच्या पिण्याच्या पाण्यात पोचली. मुलांच्या रक्ताचे अहवाल हातात घेऊन तिथल्या आया रस्त्यावर आल्या. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने तिच्याशी संबंधित अकरा जणांना दोषी ठरवून तुरुंगवासाच्या शिक्षा दिल्या. आणि कारखान्याची यंत्रसामग्री? दिवाळखोरीनंतर ती एका भारतीय कंपनीने विकत घेतली. ती आता रत्नागिरी जिल्ह्यात, लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत आहे.

लोट्यातल्या कारखान्याने काही गुन्हा केला आहे असं मी म्हणत नाही. फ्लोरीनची रसायनं औषधांत आणि कीटकनाशकांतही लागतात. पण या वसाहतीच्या सांडपाण्याबद्दल दाभोळ खाडीतले मच्छीमार कित्येक वर्षं तक्रार करत आले आहेत, आणि युरोप ज्या कामातून अंग काढून घेत आहे ते काम इकडे सरकताना आपल्याकडे त्याची चर्चा जवळजवळ नाही. फ्रान्सने २०२५ मध्ये कपड्यांत आणि सौंदर्यप्रसाधनांत ही रसायनं वापरण्यावर बंदीचा कायदा केला. थ्री-एमने २०२२ मध्येच २०२५ अखेर या उत्पादनातून पूर्ण बाहेर पडण्याची घोषणा केली. मागणी मात्र कुठे तरी शिल्लक राहते आणि तिचा कारखाना जिथे प्रश्न कमी विचारले जातात तिथे उभा राहतो. म्हणून पाणी झटकणाऱ्या प्लास्टिकचा प्रश्न मला कोकणच्या जवळचा वाटतो.

निसर्ग टिकाऊपणाचं काय करतो? बाजारातून अळूचं ताजं पान आणा. त्यावर पाणी टाका, थेंब पाऱ्यासारखे पळतील. पान पाण्यात बुडवून तिरकं पाहा, चांदीचा वर्ख लावल्यासारखं चकाकेल. ती चकाकी पानाला चिकटून राहिलेल्या हवेच्या थराची. आता एका जागी अंगठा जोराने घासा. पांढुरकी झाक जाऊन गडद हिरवा डाग उमटेल आणि नेमक्या त्या डागावर पाणी चिकटून बसेल. झाडाचं मेण आपल्या रेनकोटच्या लेपाहून नाजूक आहे. तरी अळू शेकडो पिढ्या कोरडं राहिलं, कारण वाढतं पान मेण पुन्हा पुन्हा वर आणतं आणि जुनं पान गळून मातीत मिसळतं. निसर्गाचा टिकाऊपणा दुरुस्तीतून येतो. ज्या वस्तूला जीव नाही तिला ही सोय नाही, हे 'निसर्गापासून प्रेरणा' म्हणणाऱ्या बातम्या सांगत नाहीत.

पण त्याच पानात दुसराही धडा आहे. आयआयटी मुंबईतल्या मनीष कुमार आणि रजनीश भारद्वाज यांनी २०२० मध्ये अळूच्या पानाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पानाची बारीक घडण तपासलेली आहे. मध्ये उंचवटा आणि भोवती कोनाकोनांच्या कड्यांचं जाळं. त्या घडणीची नक्कल करून त्यांनी कृत्रिम पृष्ठभागही बनवला. त्याच वर्षी 'नेचर'मध्ये शू डेंग आणि रॉबिन रास यांच्या गटांचं काम आलं. त्यांनी पृष्ठभागाचं काम दोघांत वाटलं. पाणी झटकणारी नाजूक रचना छोट्या खळग्यांत खाली ठेवली, आणि खळग्यांच्या सलग, जाड कडा वर ठेवल्या. घर्षण होतं ते कडांवर. सॅंडपेपरने आणि पोलादी पात्याने खरवडल्यावरही पाणी झटकण्याचा गुण राहिला. चिलखत घालावं तशी ती कल्पना आहे, आणि कडांचं जाळं अळूच्या पानातही आहे, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. सुट्या खांबांपेक्षा जोडलेल्या भिंती मोडायला अवघड, हे तर गवंडीही सांगेल.

इथे मोल्डिंगचा मुद्दा येतो, आणि तोच माझ्या मते निर्णायक आहे. सूक्ष्म आकार प्लास्टिकवर स्वस्तात उतरवणं अशक्य आहे असं म्हणणाऱ्याने जुनी सीडी हातात घ्यावी. तिच्यावर अर्ध्या मायक्रॉन रुंदीचे खड्डे आहेत, केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहून लहान. निकेलचा साचा, त्यावर पॉलिकार्बोनेटचा रस, आणि काही सेकंदांत एक तबकडी. अशा अब्जावधी तबकड्या जगाने बनवल्या आणि कवडीमोल भावात विकल्या. म्हणजे ही कला आपल्याला येते, फक्त गाण्यांसाठी वापरली.

सीडीचे खड्डे मात्र उथळ असतात. पाण्याखाली हवा धरून ठेवायला खोली लागते, आणि अडचण तिथे सुरू होते. वितळलेलं पीपी दोनशे-अडीचशे अंशांवर साच्यात शिरतं, साचा त्या मानाने थंडगार असतो. भिंतीला लागताच वरची साय गोठते आणि बारीक खड्ड्याच्या तोंडावरच रस अडतो. आत अडकलेल्या हवेला वाट नसली तर तीही रसाला मागे ढकलते. उपाय माहीत आहे. भरताना साचा तापवायचा, भरल्यावर थंड करायचा. पण प्रत्येक नगाला साचा तापवणं-निववणं म्हणजे नगामागचा वेळ वाढला, वीज वाढली. आणि माल काढताना जर आकाराला खालून खाच असेल तर तो साच्यात अडकून फाटतो. म्हणून साच्यातून सुटणारे आकार निवडावे लागतात. निमुळते खळगे, तिरप्या भिंती. योगायोगाने हेच आकार घासण्याला जास्त टिकतात. नक्षी साच्यात कोरलेली असेल तर दर नगाला वेगळा लेप नाही, वेगळं द्रावण नाही, वाफा हुंगणारा कामगार नाही.

जर्मनीतल्या कार्ल्सरुहच्या संशोधकांनी आणखी एक साधी रीत काढली. खरबरीत पोलादी पाटी तापवायची, प्लास्टिकमध्ये दाबायची आणि मग ओढून घ्यायची. मऊ झालेलं प्लास्टिक पाटीबरोबर ताणलं जातं आणि मागे बारीक केसांची लव उभी राहते. पाणी त्यावर ठरत नाही. अशी लव चोळली तर मोडणारच, पण जिथे हात लागत नाही तिथे, पाण्यावरचं तेल टिपणाऱ्या गाळणीत, तिचा उपयोग आहे. कुठली वस्तू घासली जाणार आणि कुठली नाही, हे आधी ठरवायला हवं. सगळ्यांना एकच लेप फासणं हा आळस आहे.

आक्षेप आहेत, आणि काही खरेच भारी आहेत. सर्वांत मोठा ऊन. उन्हात ठेवलेली बादली पांढरट पडते, हाताला भुकटी लागते. पीपीचा वरचा थर हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावतो आणि मग त्याला पाणी आवडू लागतं. आकार शाबूत राहिला तरी रसायन बदललं की पाणी खळग्यांत शिरतं. ऊन सोसणारे घटक प्लास्टिकच्या कच्च्या दाण्यात मिसळता येतात, त्याने वेळ वाढतो, पण कायमचा इलाज होत नाही. दुसरा आक्षेप दमट हवेचा. वरून पडणारा थेंब पानाच्या टोकांवर राहतो, पण वाफ थंड होऊन खळग्यांच्या आतच पाणी साचलं तर हवेची गादी आतून भरते. कमळाचं पानही यात हरतं. कोकणातल्या श्रावणात, जिथे कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे प्रयोगशाळेतल्या कोरड्या हवेतले आकडे कामाचे नाहीत. कोरड्या हवेचीही अडचण आहेच. सोलर पॅनलवर असा थर दिला की धुळीचा प्रश्न मिटला, हे म्हणणंही उतावीळपणाचं आहे. थेंबाने धूळ न्यायची तर थेंब हवेत, आणि मराठवाड्यात ते वर्षातले सात-आठ महिने नसतात.

तेलाचा आक्षेप वेगळा आहे. तेलाचा पृष्ठताण पाण्याच्या निम्म्याहूनही कमी, ते कमळावर पसरतं. आकाराने तेल अडवता येतं, पण त्याला छत्रीसारख्या खाली वळलेल्या कडा लागतात. मातीत राहणाऱ्या स्प्रिंगटेल या इवल्या जिवाच्या त्वचेवर तशा कडा आहेत, आणि २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी काचेसारख्या पदार्थात त्या कोरून फ्लोरीनच्या लेपाशिवाय कोणताही द्रव झटकून दाखवला. पण असा आकार साच्यातून सुखरूप निघणं फार कठीण. मग प्रश्न येतो, तेल झटकायला हवंच का? अग्निशमन दलाच्या जवानाला, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरला हवं असेल. त्यांच्यासाठी पर्याय सापडेपर्यंत जपून वापर चालू ठेवण्याला माझी हरकत नाही. शाळेच्या दप्तराला, मंडपाच्या कापडाला, भातलावणीच्या वेळी डोक्यावर घेतलेल्या प्लास्टिकला फक्त पाऊस अडवायचा आहे. गरज पावसाची आणि तयारी तेलाची, या अतिरेकापायी फ्लोरीन घराघरांत पोचलं.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल संशोधनपत्रं फार बोलत नाहीत. लेप लावलेलं प्लास्टिक भंगारात गेलं की ते धड पीपी राहत नाही. कबाडी ते वेगळं काढू शकत नाही, वितळवताना लेप रसात मिसळतो, तापला तर त्यातून काय निघेल सांगता येत नाही. नक्षीने पाणी झटकणारं पीपी मात्र शेवटपर्यंत पीपीच असतं. ग्राइंडरमधून काढलं, वितळवलं, की नक्षी नाहीशी आणि दाणा परत हातात. गुण वस्तू असेपर्यंत, द्रव्य पुन्हा वापरात. झाड जुनं पान मातीला देतं त्याच्या सर्वांत जवळ आपण इथे पोचतो. घासून निघणारे प्लास्टिकचे कण हा प्रश्न उरतोच, तो कोणत्याही प्लास्टिकला आहे, पण त्या कणांबरोबर फ्लोरीन तरी जाणार नाही.

हे घडण्यात अडसर आहे तो मोजण्याचा. नव्या तुकड्यावरचा कोन छापून संशोधन प्रसिद्ध होतं, आणि तोच आकडा माहितीपत्रकात येतो. रास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये 'सायन्स'मध्ये घर्षणाची समान चाचणी असावी असा आग्रह धरला होता. त्याला दशक होत आलं, तरी दुकानातल्या फवाऱ्याच्या डब्यावर 'नॅनो' आणि 'टिकाऊ' एवढेच शब्द असतात. पोलिसांच्या आणि सफाई कामगारांच्या रेनकोटांची, ताडपत्र्यांची खरेदी सरकार आणि महापालिका करतात. त्यांच्या निविदांत घासल्यानंतरचा आणि उन्हात ठेवल्यानंतरचा गुण मागता येतो, धुतलेलं पाणी तपासून त्यात फ्लोरीनची रसायनं नसल्याचा दाखला मागता येतो. यासाठी नवा कायदा लागत नाही, अटीपत्रात चार ओळी लागतात. त्या आल्या की वसईच्या एखाद्या गाळ्यात साचे कोरणाऱ्याला ही नक्षी शिकण्याचं कारण मिळेल. नवीन मालाचा कोन दाखवून फवारा विकणाऱ्याला मात्र पहिल्याच चाचणीत घासलेला तुकडा टेबलावर ठेवावा लागेल.